परांची कोणाच्या नावावर

गोपनीय
४ सप्टेंबर

वहिनींना धाकट्या दिराचा नमस्कार, आणि सोबत एक जाड पाकीट.

पाकीट बघून घाबरू नका. दादाशी माझं फोनवर सगळं बोलणं झालंय. तो म्हणाला, "तिला तूच समजाव, मी सांगायला गेलो की ती प्रश्न विचारते." म्हणून हे पत्र.

आपला धंदा परांच्या भाड्यानं देण्याचा. कुठं इमारतीला रंग असतो, कुठं गिलावा. आपण पाइप, ते जोडायचे क्लॅम्प आणि फळ्या लावून देतो, माणसं वर चढतात. आता वहिनी, इतकी माणसं चढतात म्हटल्यावर कोणीतरी कधीतरी पडणार. पडला की दावा लावणार. मग विचारणा होणार, कंपनीकडे काय आहे? आज उत्तर असं की घर आहे, दोन गाळे आहेत, शेड आहे, पाइप आहेत. हे उत्तर चुकीचं आहे. कंपनीकडे एक टेबल आणि दोन खुर्च्या आहेत, हे बरोबर उत्तर.

बाकी सगळं तुमच्या नावावर करायचं. दादाच्या नावावर चालत नाही, तो कंपनीत आहे. माझ्याही नाही, मीही कंपनीत. माझी बायको माझ्या दुसऱ्या फर्ममध्ये भागीदार, तिचं नाव आधीच वापरून झालंय. तुमचं नाव मात्र कोरं आहे. कर्ज नाही, धंदा नाही, खटला नाही, साधी स्कूटरसुद्धा नाही. बावीस वर्षं करसल्लागाराचं काम करतोय, इतकं चांगलं नाव माझ्या पाहण्यात नाही. माझा स्वतःचा फ्लॅटही मी तुमच्याच नावावर करतोय, यावरून काय ते समजा.

करातही फायदा. पाइप तुमचे झाले की कंपनी तुम्हाला त्यांचं भाडं देणार. तेवढा कंपनीचा नफा कमी, आणि तुमचं दुसरं उत्पन्नच नाही, म्हणून सुरुवातीला तुमचा कराचा दर सगळ्यात खालचा. पैसा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणार, घराबाहेर पडणार नाही.

कागदांवर पेन्सिलीनं फुल्या केल्यात, तिथं सह्या करा. वाचत बसू नका, भाषा वकिली आहे.

आपला दीर


१५ सप्टेंबर

भाऊजींना वहिनीचा नमस्कार. तुमच्याच पाकिटाला उलटं करून चिकटवलंय, तेव्हा जपून फोडा, अजून एकदा चालेल.

उशीर झाला कारण कागद वाचले. रोज सकाळची प्रार्थना झाली की सहा पानं, याप्रमाणे आठ दिवस लागले. भाषा वकिली आहे हे खरं, पण दहावीला मला निबंधापेक्षा उताऱ्यावरच्या प्रश्नांत जास्त मार्क होते.

पान अकरावर शेडच्या पूर्वेला नाला लिहिलाय. नाला पश्चिमेला आहे. पूर्वेला सुताराचा कारखाना. सही केली असती तर सुतार माझ्या नाल्यात आला असता. खोडून दुरुस्त केलंय आणि बाजूला सही केलीय.

आता शंका. यात लिहिलंय की मी हे सगळं "प्रेमापोटी बक्षीस" म्हणून घेते आहे. म्हणजे हे माझं झालं, की मी सांभाळायला घेतलं? यांना विचारलं तर म्हणाले, "त्याला विचार." सांभाळायला असेल तर तसं लिहायला हवं होतं, कारण खाली मी सही करून म्हणते आहे की ते माझं झालं. खोटं लिहिलेल्यावर माझी सही नाही, हे तुम्हाला माहीत आहे. शेजारणीनं वर्गणीच्या वहीत दहाचे वीस लिहायला सांगितले तेव्हाही नव्हती.

उत्तर येईपर्यंत कागद कपाटात आहेत.

फोन करू नका. फोनवरचं मला नंतर सापडत नाही.

वहिनी


गोपनीय
२२ सप्टेंबर

वहिनी, तुम्हाला आणि तुमच्या उताऱ्यावरच्या प्रश्नांना नमस्कार.

तुमचं झालं. कायद्यानं, मनानं, पूर्णपणे तुमचं. सांभाळायला दिलं असं लिहिलं तर न्यायाधीश म्हणेल, मग ते मूळ मालकाचंच, आणा इकडे. सगळी योजना त्या एका शब्दावर उभी आहे. ते खरंच तुमचं आहे, याबद्दल मनात तीळभर शंका ठेवू नका. आणि सह्या करा.

नाला बघून घेतला. आभार.

आपला दीर


२१ ऑक्टोबर

भाऊजी, नमस्कार. यांची तब्येत बरी आहे, गोळी वेळेवर घेतात.

तुम्ही शंका ठेवू नका म्हणालात म्हणून सह्या करून पाठवल्या, त्या मिळाल्याचं कळलं. नोंदणीही झाली. मग मी शेडवर गेले. यांनी विचारलं, "तू कशाला?" म्हटलं, माझं सामान आहे ना, बघून येते. लग्नात आलेली भांडीसुद्धा मी मोजून घेतली होती.

कागदावर अकराशे चाळीस पाइप आणि तेवीसशे क्लॅम्प लिहिलेत. मुकादम म्हणाला, "बाई, बावीस वर्षांत कोणी मोजले नाहीत, आज काय झालं?" मी म्हटलं, आज मालक बदलला. तो हसला. मला वाटतं त्याला थट्टा वाटली. चार दिवस जात होते, डबा घेऊन. पाइप बरोबर भरले. क्लॅम्प एकोणचाळीस कमी आहेत.

पण कमी असण्याचं नाही, असलेल्यांचं सांगायचंय. चांगला क्लॅम्प पान्यानं ठोकला की खणखणतो आणि भेगाळलेला बद्द वाजतो. मुकादमानं दाखवलं. मी म्हटलं, हे मला येतं, मडकं असंच घेतात. मग तो उचलायचा, मी ठोकायची, असे सगळे क्लॅम्प वाजवून बघितले. तीनशे बारा बद्द वाजले. काहींची भेग डोळ्यांनी दिसते, नख जातं आत. मी विचारलं, हे लावता? तो म्हणाला, "कमी पडले की लावतो." मी विचारलं, कमी कधी पडतात? म्हणाला, "नेहमीच."

तीनशे बारा नवे घ्यावे लागतील. मुकादमानं दोन दुकानांचे भाव आणले, स्वस्तातला बरा आहे. तुम्ही हो म्हटलंत की मागवते. जुने भंगारात देते, भंगारवाला ओळखीचा आहे, वजनात फसवत नाही.

हे पत्र चलनबुकात कार्बन ठेवून लिहिलंय, म्हणून अक्षर दाबून आलंय.

वहिनी


अत्यंत गोपनीय
३० ऑक्टोबर

वहिनी, आधी हे पत्र वाचताना शेजारी कोणी नाही ना ते बघा.

तुम्ही शेडवर जायला नको होतं. गेलात तर मोजायला नको होतं. मोजलंत तर वाजवायला नको होतं. वाजवलंत ते वाजवलंत, निदान लिहायला नको होतं.

कायदा सोपा आहे. भाड्यानं दिलेल्या वस्तूत दोष आहे हे मालकाला माहीत नसेल, तर अपघाताची जबाबदारी फक्त कंपनीवर. म्हणजे टेबल आणि दोन खुर्च्यांवर. मालकाला माहीत असेल, तर मालक स्वतःच्या सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार. तुमच्या बाबतीत याचा अर्थ तुमचं घर, गाळे, शेड आणि माझा फ्लॅट. तुम्हाला काही माहीत नसणं हाच आपल्या योजनेचा पाया आहे. त्यासाठीच तर तुम्हाला निवडलं.

क्लॅम्प घ्यायचे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण या वर्षी नाही. या वर्षी तुमचं उत्पन्न पाच-सहा महिन्यांचंच, कर तसाही नगण्य, त्यातून हा खर्च वजा करणं म्हणजे खर्च वाया घालवणं. पुढच्या वर्षी पूर्ण भाडं येईल, तुमचा दर वरच्या टप्प्यात जाईल, तेव्हा वजा केला तर खर्चाच्या एक तृतीयांश कर वाचतो. हिशोबी वर्ष मार्चअखेर संपतं, पाच महिने आहेत. पाच महिने थांबायचं. काटकसर तुम्हाला मी शिकवायला नको.

तुमचं पत्र मी फाडलं. तुमच्याकडची कार्बन प्रत तुम्ही फाडा. हेही फाडा.

आपला दीर


८ नोव्हेंबर

भाऊजी, नमस्कार.

एक तृतीयांश ही रक्कम लहान नाही. मी कागदावर मांडून बघितली. तेवढ्यात यांच्या वर्षाच्या गोळ्या येतात. देवासमोर बसून विचार केला, पाच महिने म्हणजे फार नाही असं वाटलं. थांबते.

तीनशे बारा क्लॅम्प कोपऱ्यात वेगळे रचून वर माझी जुनी साडी टाकून बांधलीय. मुकादमाला सांगितलंय की याला हात लावायचा नाही. तो हो म्हणाला. तरी तुम्ही यांना सांगा, यांनी सांगितलेलं तो जास्त ऐकतो.

चलनबुकाच्या पानांवर छापील नंबर आहेत. एक पान फाडलं तर मधला नंबर जातो आणि मग हिशोब तपासणारा विचारतो. तेव्हा फाडलं नाही.

वहिनी


११ डिसेंबर

भाऊजी,

काल सकाळी साडेदहाला कॉलेजच्या इमारतीवर परांचीचा तिसरा टप्पा सुटला. वर एक रंगारी होता, तो पडला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव वाचला. कंबरेचं हाड मोडलंय आणि उजवा घोटा.

कॉलेजचं काम मोठं होतं, क्लॅम्प कमी पडले. मुकादमानं यांना विचारलं. यांनी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, वापरा, वर्ष संपेपर्यंत नवे घ्यायचे नाहीत. मला कोणी विचारलं नाही, कारण मला काही माहीत नव्हतं.

साडी मुकादमानं घडी करून परत पाठवलीय.

हे कालपासून जेवले नाहीत.

वहिनी


अत्यंत गोपनीय
१४ डिसेंबर

वहिनी, झालं ते वाईट झालं. पण आता डोकं शांत ठेवायचं.

खरं सांगू का, ज्याच्यासाठी आपण एवढं केलं तो प्रसंग हाच. योजना उत्तम चाललीय. रंगारी कामगार कार्यालयात अर्ज करेल, कार्यालय कंपनीकडे बघेल, कंपनीकडे टेबल आणि दोन खुर्च्या. विषय संपला. दादाला सांगा, जेवून घे.

सोबत दोन पाकिटं आहेत. एकात थोडे पैसे, माणुसकी म्हणून. दुसऱ्यात एक कागद. त्यावर रंगाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. मजकूर किरकोळ आहे. पैसे आधी द्या, कागद मग. हे काम तुम्हीच करा, बाईमाणूस गेलं की समोरचा भांडत नाही.

आपला दीर


२६ डिसेंबर

भाऊजी, नमस्कार.

दवाखान्यात जाऊन आले. जनरल वॉर्ड, खिडकीजवळची खाट. रंगाऱ्याचा पाय वजन लावून टांगलाय. नखांत अजून पिवळा रंग आहे, कॉलेजचा. बायको शेजारी स्टुलावर. ती इस्त्रीची कामं घेते, गठ्ठा तिथंच खाटेखाली आणून ठेवलाय, कारण दुकानदाराला कपडे वेळेवर लागतात आणि वॉर्डातली आया तिला दुपारी कपड्यांच्या खोलीत इस्त्री करू देते.

मी आधी पैसे दिले, तुम्ही सांगितलं तसं. बायकोनं मोजले आणि विचारलं, "हे किती दिवसांचे?"

मग कागद काढला. रंगारी म्हणाला, "बाई, मला जोडाक्षरं येत नाहीत, वाचून दाखवा." मी कुठलाच कागद अर्धा वाचत नाही, म्हणून सगळा मोठ्यानं वाचला. वॉर्डातले बाकीचेही ऐकत होते. कागदात असं होतं की माझा पाय माझ्या निष्काळजीपणानं घसरला, परांची मजबूत होती, आणि माझी कंपनीविरुद्ध किंवा मालकाविरुद्ध आज किंवा पुढे कधीही तक्रार नाही.

रंगारी म्हणाला, "असं झालं होतं होय? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही म्हणता तर असेल."

त्याची बायको म्हणाली, "काय असेल? पाय घसरला म्हणे! घसरणाऱ्याच्या मुठीत तुटका क्लॅम्प येतो का? डॉक्टरनं बोटं उघडून काढला. हा बघा." आणि उशीखालून काढून माझ्या हातात दिला. अर्धा क्लॅम्प. तुटलेल्या कडेला निम्म्या भागात गंज होता आणि निम्मा भाग नवाकोरा चकचकीत. म्हणजे निम्मा आधीच तुटलेला होता.

रंगारी तिला म्हणाला, "अगं, बाईंवर कशाला ओरडतेस? त्या बिचाऱ्या घरात असतात, त्यांना काय ठाऊक."

भाऊजी, तुमच्या योजनेत माझ्याबद्दल जे लिहिलंय तेच तो बोलला, पण तो ते खरं समजून बोलला. मला तिथं बसवेना.

कागदावर सही घेतली नाही. परत पाठवतेय. मागची बाजू कोरी आहे, वापरता येईल.

वहिनी


अत्यंत गोपनीय
५ जानेवारी

वहिनी, नमस्कार, आणि आता तरी लक्षपूर्वक वाचा.

सुनावणीची नोटीस माझ्याकडे आलीय. सोळा जानेवारी, सकाळी अकरा. तुम्हाला साक्षीला बोलावलंय, कारण परांचीचं सामान तुमच्या नावावर आहे. तुम्हाला एकच प्रश्न विचारतील. क्लॅम्प खराब आहेत हे तुम्हाला माहीत होतं का? उत्तर तीन शब्दांचं. मला माहीत नव्हतं. कोणी उलट विचारणार नाही. तुमच्यासारख्या बाईनं तेवीसशे क्लॅम्प ठोकून बघितले हे सांगूनही कोणाला पटायचं नाही.

आणि दुसरं उत्तर दिलंत तर काय होईल तेही ऐका. दादाचं आयुष्यभराचं जाईल. तुमच्या डोक्यावरचं छप्पर जाईल. माझंही जाईल. आणि माझा यात काय दोष? मी तर सगळं सुरक्षित ठेवायला निघालो होतो.

तुम्हाला खोटं बोलायचं नसेल तर एक वाट आहे. सगळी मालमत्ता परत आमच्या नावावर करायची, कागदांवर मागची तारीख टाकायची. नोंदणी कचेरीत ओळखीचा कारकून आहे. मग तुम्ही मालकच नव्हतात, प्रश्नच येत नाही. कागद सोबत आहेत. सह्या करून लगेच पाठवा.

आपला दीर

ता. क. ताई, मी धाकटी जाऊ. यांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, मी उघडून वाचलं आणि खालच्या जागेत लिहितेय. आम्ही राहतो ते घर तुमच्या नावावर आहे हे मला आत्ता कळलं. सप्टेंबरपासून मी तुमची भाडेकरू आहे म्हणायची. गेल्या आठवड्यात मी स्वयंपाकघराला नव्या फरशा घातल्या, तुम्हाला न विचारता, माफ करा. सोळा तारखेला तुम्ही काय सांगणार ते मी विचारत नाही. तुम्हाला ओळखते. फक्त घर जाणार असेल तर पंधरा दिवस आधी कळवा, फरशा उचकटता येतात का ते बघते.


१९ जानेवारी

भाऊजी, तुम्हाला आणि जाऊबाईंना नमस्कार. हे पत्र दोघांनी मिळून वाचावं, म्हणजे ता. क. च्या उत्तराला वेगळं तिकीट लागणार नाही.

मागच्या तारखेच्या कागदांवर सह्या केल्या नाहीत. सप्टेंबरात तुम्हीच लिहून दिलंत की ते माझं झालं, शंका ठेवू नका. तेव्हापासून मी शंका ठेवलेली नाही.

सोळा तारखेला सकाळी निघताना यांनी माझी पिशवी धरली. मला वाटलं थांबवतात. म्हणाले, "रिक्षानं जा, बसनं नको. आणि तुला काय सांगायचं ते सांग. मी कोण विचारणारा? घर तुझं आहे." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, चपला शोधत होते. मग तेही सोबत आले. रिक्षाचे पैसे वाचले नाहीत.

कामगार कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद. रंगाऱ्याला खुर्चीवर बसवून चौघांनी वर आणलं, त्यात एक बाजू मुकादमानं धरली होती. खोली लहान, एक मोठं टेबल, पंखा डोक्यावर कुरकुरणारा. सुनावणीच्या अधिकारी बाई माझ्याच वयाच्या. कारकुनानं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, व्यवसाय? माझ्याकडे बघून त्यानं स्वतःच "गृहिणी" लिहायला घेतलं. मी म्हटलं, परांच्या भाड्यानं देते असं लिहा. त्यानं यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "ती सांगते तसं लिहा."

बाईंनी तुम्ही सांगितलेलाच प्रश्न विचारला.

मी म्हटलं, माहीत होतं. तीनशे बारा होते. एकवीस ऑक्टोबरला लिहून ठेवलंय. आणि चलनबुक टेबलावर ठेवलं, पान नंबर चौऱ्याऐंशी.

बाईंनी सगळं वाचलं. मडक्याचं वाचताना थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, "बाई, याचा परिणाम काय होतो तुम्हाला कल्पना आहे?" मी म्हटलं, चांगली आहे, माझ्याकडे लेखी आहे. "हे सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, कोणी नाही. न सांगायला सांगितलं होतं.

"कोणी?"

भाऊजी, तेव्हा तुमची पत्रं पिशवीत होती. सगळी, तारखेप्रमाणे. हे शेजारी बसलेले, त्यांच्या गुडघ्यावर ती पिशवी होती. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली, द्यायला की लपवायला ते मला कळलं नाही, मला वाटतं त्यांनाही नसेल कळलं.

मी म्हटलं, बाई, सांगितलं कोणीही असेल, थांबले मी. सामान माझं होतं. तो भंगारवाला आमच्याच गल्लीतला आहे. आठ नोव्हेंबरला हाक मारली असती तर नऊ तारखेला कोपरा रिकामा झाला असता आणि दहा डिसेंबरला कोणाला ते लावता आलेच नसते. मी साडी बांधली. थोडा कर वाचणार होता म्हणून थांबले.

रंगाऱ्याची बायको माझ्याकडे बघत होती. ती माझ्या बाजूनं बघत होती असं मी लिहिणार नाही. रंगारी म्हणाला, "म्हणजे माझा पाय घसरला नव्हता." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग बरं. तीस वर्षांत घसरला नव्हता." एवढ्यावर त्याला समाधान वाटलं की काय कोण जाणे, डोळे पुसत होता.

निकाल त्याच दुपारी लागला, जसा तुम्ही लिहिला होता तसाच. भरपाई माझ्याकडून. उपचार, दोन वर्षांची मजुरी आणि अपंगत्वाचे वेगळे. रस्त्याकडचा गाळा विकून ती फिटते. स्टेशनरीवाला बरेच दिवस मागत होता, त्याला द्यायचं ठरलं, बयाणाही आला. घर राहिलं. शेड राहिली. मागचा गाळा राहिला. तुम्ही सगळं जाईल म्हणाला होतात, ते तसं नव्हतं. तुम्हीही कधी कधी पूर्ण आकडेमोड न करता लिहिता.

तीनशे बाराच्या जागी नवे क्लॅम्प आले. परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाचा विमा उतरवलाय, हप्ता कंपनीच्या भाड्यात वाढवलाय, पत्र कंपनीला वेगळं मिळेल. जुने भंगारवाल्यानं माझ्यासमोर घणानं फोडले.

जाऊबाई, फरशा राहू द्या. फ्लॅट मी तुमच्या नावावर करतेय. कागद येतील ते वाचा, घाई नाही. भाऊजी म्हणतील तुमचं नाव वापरून झालंय. मी वकिलांना विचारलं, चालतं.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

काय लिहावं सुचत नव्हतं म्हणून उशीर झाला. पिशवीबद्दल दादानं फोनवर सांगितलं. त्यावर मी काही लिहीत नाही. लिहिता येत नाही.

मला जे येतं ते सांगतो. तुमच्या या वर्षीच्या विवरणपत्राची तयारी सुरू केलीय. रंगाऱ्याला दिलेली भरपाई ही धंद्यातली भरपाई आहे, भाड्याच्या उत्पन्नातून पूर्ण वजा होते. कायदेशीर आहे, यात माझी काही चलाखी नाही, कोणालाही विचारा. या वर्षी तुमचा कर शून्य, आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षी ओढता येते. तुम्ही हो म्हणा, एवढं तरी मला करू द्या.

आपला दीर


९ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार. तुमचं पत्र वाचलं, यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याचं बरोबर आहे, पैसे वाचतात.

तुमचं बरोबर आहे हे मीही कबूल करते, आणि तुम्ही मनापासून लिहिलंत हेही. पण ती रक्कम खर्च म्हणून गेलेली नाही. मी थांबले त्याची ती आहे. ती वजा केली की तिचा एक तृतीयांश भार कर खात्यावर जातो. म्हणजे रस्त्यावरचा दिवा, सरकारी दवाखाना, त्या वॉर्डातली खाट, सगळ्यांनी मिळून माझा थोडा थोडा दोष भरायचा. त्यांनी क्लॅम्प वाजवून बघितले नव्हते. मी बघितले होते.

वजा करू नका. पूर्ण कर भरा. रक्कम कळवा, चेक पाठवते. मागच्या गाळ्याचं भाडं आलं की मार्चमध्ये वटेल, त्याआधी टाकू नका.

भरल्याची पावती पाठवा. मूळ पावती, झेरॉक्स नको.

वहिनी